पेन्सिलीतली मंजुरी

आमच्या उपसाहेबांच्या टेबलावर पेन एक असे आणि पेन्सिली सात. पेन उघडलं जाई ते रजेचा अर्ज, दौऱ्याचा कार्यक्रम आणि दिवाळीची भेटकार्डं एवढ्यापुरतंच. बाकीचं सरकार पेन्सिलीवर चालायचं.

मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही हकीकत. वाशीमला तेव्हा जिल्ह्याचा मान नव्हता, आम्ही अकोल्याच्या हाताखालचा तालुका होतो. मोठे साहेब अकोल्याला बसत आणि या बाजूचा कारभार बघायला त्यांच्या खालचे उपसाहेब वाशीमला बसत. ऑफिस कुठलं ते सांगत नाही. त्यातले बरेच जण आता वारले आहेत आणि उरलेल्यांना पेन्शन चालू आहे, दोघांच्याही शांततेत मला खडा टाकायचा नाही. शाळा, विहिरी, रस्ते अशा सगळ्या गावांच्या फायली आमच्याकडे येत आणि बऱ्याचशा आमच्याकडेच राहत. मी तिथे बावीस वर्षांचा तात्पुरता कारकून होतो. गाव अनसिंगच्या अलीकडचं. आमच्या घरानं धम्म घेतला तेव्हा मी चार-पाच वर्षांचा असेन, आणि आमच्या वस्तीतून सरकारी खुर्चीवर बसलेला पहिला माणूस मीच. खुर्चीचा एक पाय लंगडा होता, पण ते मी घरी सांगितलं नव्हतं.

उपसाहेब होणं ही एक कला आहे. मोठ्या साहेबाला निर्णय घ्यावा लागतो आणि कारकुनाला तो लिहावा लागतो. मधल्या माणसानं नुसतं मधे असायचं. एखादी गोष्ट चांगली झाली की आमचे साहेब म्हणत, "मी मोठ्या साहेबांच्या कानावर घातलं होतं." तीच गोष्ट बिघडली की म्हणत, "मी मोठ्या साहेबांच्या कानावर घातलं होतं." वाक्य तेच असे, फक्त चेहरा बदलायचा. मोठ्या साहेबांचे कान एवढं सगळं ऐकून कसे टिकले होते, देव जाणे.

पेन्सिलीची पद्धत अशी होती. फाईल आली की साहेब ती वाचत. हे खरं सांगितलं पाहिजे, ते वाचत. पुढे कितीतरी साहेब पाहिले, पण ओळ न् ओळ वाचणारा तो एकच. वाचून झालं की टिपणीखाली बारीक, सुबक अक्षरात पेन्सिलीनं लिहीत: मंजूर, नामंजूर किंवा 'बोला', म्हणजे समक्ष येऊन चर्चा करा. मग ती फाईल आठ-पंधरा दिवस मुरायला ठेवत. तेवढ्यात कुठून फोन आला नाही, कुणी पुढारी जीप घेऊन दारात उभा राहिला नाही, तर साहेब पेन काढून तीच अक्षरं गिरवत आणि खाली सही ठोकत. फोन आलाच, तर फाईल माझ्याकडे येई आणि फायलीच्या वर खोडरबर. याला आमच्याकडे 'फाईल स्वच्छ करणे' म्हणत.

माझ्या नेमणुकीच्या पत्रात हे काम कुठेही नव्हतं, पण माझा हात त्यात बसला. रबर एकाच दिशेनं फिरवायचा, मागेपुढे केलं की कागदाला लव सुटते. भुकटी फुंकायची नाही, हातरुमालानं झटकायची. शेवटी नखाच्या पाठीनं कागद घोटायचा. एकदा साहेब कागद उजेडात धरून म्हणाले, "तुमच्यासारखं खोडणारा माणूस अकोल्यालासुद्धा नाही हो." सरकारी नोकरीत मला मिळालेलं ते सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र, आणि ते ऐकून मी खुलून गेलो होतो. तेही कबूल केलं पाहिजे.

पेन्सिलींना टोक काढायचं काम आमच्या म्हाताऱ्या शिपायाकडे होतं. त्यांना सगळं ऑफिस चाचा म्हणायचं. खिडकीच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारता मारता चाचा मला म्हणत, "बाबू, सायेबाले कारभाराले दोनच गोष्टी लागते. एक लिवाले पेन्सिल आन एक खोडाले तू." मी हसायचो.

तर त्या उन्हाळ्यात आमच्याच गावची फाईल आली. गावातली शाळा चौथीपर्यंत, एका खोलीची. पाचवीला अनसिंगला जावं लागे, मधे नाला आणि एक लांबलचक निर्जन पट्टा. पोट्टे जात. पोट्ट्या चौथी झाल्या की निंदायला जात. त्या वर्षी आठ मुली चौथी पास झाल्या होत्या आणि त्यातली एक माझी धाकटी बहीण होती. बाबांनी साफ सांगितलं होतं, "गावात पाचवी झाली तं शिकन. नाल्यापलीकडं म्या पोरीले धाडत नाही." बाबांचा शब्द म्हणजे पेनानं लिहिलेला असायचा.

शाळेत खोली नव्हती, तेव्हा आमच्या वस्तीनं विहार देऊ केला. चार मातीच्या भिंती आणि वर टिनपत्रे, पण जागा ऐसपैस. बायांनी जमीन सारवली. पोरांनी टॉर्चचे जुने सेल फोडून आतली काळी भुकटी काढली आणि एका जुन्या दाराच्या फळीला फासून फळा केला. बहिणीनं खताच्या रिकाम्या पोत्याचं दप्तर स्वतः शिवलं. एवढं झाल्यावर मुख्याध्यापकांनी प्रस्ताव पाठवला आणि टिपणी मांडायला तो माझ्याच टेबलावर आला. मी टिपणी अशी लिहिली की तशी पुढे तीस वर्षांत लिहिली नाही.

साहेब वाचून म्हणाले, "आपण प्रत्यक्ष पाहू." शिरपूरचा दौरा होताच, वाटेत आमचं गाव घालायचं ठरलं. आमचं गाव शिरपूरच्या वाटेवर अजिबात नाही, पण साहेबांच्या दौऱ्यात भूगोल नेहमीच समजूतदार असे.

मी जीपमध्ये मागच्या सीटवर फाईल मांडीवर घेऊन बसलो होतो. गावात शिरताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती आणि ती साहेबांपेक्षा माझ्याकडेच जास्त बघत होती. साहेबांनी विहाराबाहेर कुणी न सांगता चपला काढल्या. वस्तीतला चहा शेवटच्या घोटापर्यंत प्याले. फळ्यावर बोट फिरवून बोट पाहिलं आणि म्हणाले, "शाळेच्या फळ्यापेक्षा बरा आहे." मग माझ्या बहिणीला उभं करून सतराचा पाढा विचारला. तिनं तो न अडखळता म्हटला आणि कुणी न विचारता अठराचाही सुरू केला. साहेब मोकळेपणानं हसले. "ही मुलगी मास्तरीण होणार," ते म्हणाले, "फाईल आणा."

मी फाईल दिली. साहेबांनी खिशातून पेन्सिल काढली आणि सगळ्या वस्तीसमोर, फाईल गुडघ्यावर ठेवून, लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं: "जागा पाहिली. पाचवीचा वर्ग येथे सुरू करण्यास मंजुरी. आदेश काढावे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा अगदी साहेबांच्या शेजारी उभे होते आणि कागदावर सरकणाऱ्या हाताकडे बघत होते. त्यांना अक्षर येत नव्हतं. साहेबानं लिहिलं म्हणजे लिहिलं, एवढं त्यांना कळत होतं. पेन आणि पेन्सिल यातला फरक कळायला सरकारी नोकरी करावी लागते, आणि तिथे ती करणारा मी एकटाच होतो.

तेव्हाच बाबांना बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. त्यांचा चेहरा बघून धीर झाला नाही, हे एक कारण. दुसरं असं की मला जीपमध्ये बसून गावातून निघायचं होतं आणि लोक अजून उभे होते.

पुढचे दहा-बारा दिवस साहेब खुशीत होते. जो येईल त्याला सांगत, "परवा त्या वस्तीत जाऊन आलो. चहा घेतला त्यांच्याकडे." चहा अकोल्यापर्यंत पोचला. आदेश मात्र टेबलावरच होता.

मग फोन आला. पलीकडे त्या भागातले एक वजनदार पुढारी होते. त्यांनी आमचं गाव उभ्या जन्मात पाहिलेलं नसावं, पण गावातल्या काही घरांनी त्यांना गाठलं होतं. आपली लेकरं त्या वस्तीत, त्यांच्या विहारात जाऊन बसणार, हे त्या घरांना पचत नव्हतं. फोनवर अर्थातच हे कुणी असं म्हणालं नाही. फोनवर 'गावातली शांतता' हा शब्द होता. मी सहीचं टपाल घेऊन समोर उभा होतो, त्यामुळे साहेबांची बाजू मला ऐकू आली. "हो हो, बरोबर आहे. छे छे, मंजूर कुठलं, नुसती पाहणी केली. चहा? चहाचं काय, उन्हाचं घ्यावं लागतं थोडंसं."

फोन ठेवून साहेबांनी मला विचारलं, "त्या फायलीवर माझं काही आहे का हो?"

"आहे, सर."

"पेनानं?"

"पेन्सिलनं."

"मग काही नाही," साहेब म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं समाधान होतं. दूरदृष्टी म्हणतात ती हीच असावी. "फाईल स्वच्छ करून ठेवा. पुढच्या वर्षी जागेचं बघू." मी हललो नाही. ते फार मायेनं म्हणाले, "तुमचं कायम होण्याचं प्रकरणही माझ्याकडेच आहे ना? तेही या आठवड्यात हातावेगळं करतो."

यात धमकी नव्हती. ते धमकी देणाऱ्यातले नव्हतेच. माझी कायम नेमणूक त्याच ढिगात होती आणि तिच्यावर त्यांचं सुबक अक्षर होतं: 'कायम करण्यास हरकत नाही.' तेही पेन्सिलीत.

मी माझ्या टेबलावर येऊन बसलो. ऐन दुपार होती, वाळ्याच्या ताट्या सुकून खडखडत होत्या. चाचा पाण्याची बादली घेऊन आले, माझ्यासमोरची फाईल पाहिली, वर ठेवलेला रबर पाहिला आणि बादली खाली ठेवली.

"तुह्या गावची हाये?"

"हो."

"तुह्या खिशात पेन हाये ना बाबू? मंग खोडून कायले राह्यला? फिरव त्याच अक्षरावर. लिवलं तं त्यायनंच हाये. माह्यं नाही म्हनन तं मंग अक्षर कोनाचं हाये, सांगा म्हना."

"चाचा, नोकरी जाईल माझी."

चाचा बादलीकडे वळले. "हो, जाईन," ते म्हणाले. "खोटं कायले बोलू." आणि बादली उचलून ताट्यांकडे गेले.

मी पेन काढलं, हेही सांगतो. टोपण काढलं. 'मंजुरी'तल्या 'म'वर निब टेकवायला आणली आणि बराच वेळ तशीच धरली. पहिल्या पगाराच्या दिवशी बाबा वस्तीभर पेढे वाटत फिरले होते ते आठवलं, कायम झाल्यावर काय वाटतील ते डोळ्यासमोर आलं. आठ पोट्ट्यांचं पुढच्या वर्षी बघू असं साहेब म्हणालेच आहेत, असंही मनाशी म्हटलं. माणसाला भित्रेपणा करायचा असला की कारणं कशी आपल्या पायांनी चालत येतात. मी टोपण लावलं आणि रबर घेतला. तेवढी स्वच्छ फाईल मी आयुष्यात कधी केली नाही.

त्या आठवड्याच्या शेवटी मी कायम झालो. पेनानं.

घरी मी सांगितलं की मंजुरी आली नाही. बहीण म्हणाली, "मंग साहेबानं लिवलं ते काय व्हतं दादा?" मी म्हणालो, वरच्यांनी अडवलं असेल. बाबा मात्र गप्प बसणाऱ्यातले नव्हते. शाळा सुरू होऊन चार दिवस झाले आणि सकाळच्या एसटीनं ते वाशीमला येऊन थडकले. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका. माझ्याकडे न येता सरळ साहेबांच्या खोलीत शिरले. चाचांनी त्यांना अडवलं नाही.

मी धावत आत गेलो तोवर बाबा टेबलासमोर ताठ उभे राहून बोलत होते. "सायेब, तुमी माह्या डोयासमोर लिवलं. वाचून दाखोलं. साऱ्या वस्तीनं आयकलं. मंग पोरीची शाळा काहून सुरू नाही?"

दुसरा एखादा साहेब ओरडला असता. आमच्या साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, चाचांना पाणी आणायला सांगितलं आणि मला म्हणाले, "ती फाईल आणा बरं." मी आणली. साहेबांनी ती उघडून बाबांच्या पुढे सरकवली. "बाबा, मी तिथे जागा पाहिली, तोंडी बोललो असेन. पण मंजुरी दिली असती तर इथे असती. बघा, आहे का?"

"मले वाचता येत नाही," बाबा म्हणाले.

"तुमचा मुलगा आहे ना. तो वाचेल."

उपसाहेब होणं ही कला आहे असं मी वर म्हटलं, ते याचसाठी. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय असता तर मला सोपं गेलं असतं. तिथे नुसती वाट बघणं होतं.

"वाच बाबू."

मी माझीच टिपणी पहिल्या ओळीपासून वाचली. मुलींची संख्या, नाल्याचं अंतर, विहाराची लांबी-रुंदी, वस्तीनं स्वखुशीनं जागा दिल्याचं. वाचून संपलं. खाली कागद कोरा होता. खिडकीतून तिरका उजेड येत होता आणि त्यात पेन्सिलीचे दाब मला दिसत होते. नखानं घोटूनही ते पुरते बसले नव्हते. 'आदेश काढावे' हे दोन शब्द वाचता येत होते, वाचता येणाऱ्याला.

"आन त्याच्या खाली?" बाबांनी विचारलं.

"खाली काही नाही, बाबा."

"पाह्य नीट."

"पाहिलं. साहेबांनी काही लिहिलेलं नाही."

बाबांनी फाईल मिटून साहेबांकडे सरकवली. मग उठले. "मंग माह्यीच चूक झाली, सायेब. मले वाटलं तुमी लिवलं."

"चालायचंच," साहेब म्हणाले आणि दारापर्यंत त्यांना पोचवायला आले.

मी बाबांना एसटी स्टँडवर घेऊन गेलो. अनसिंगकडची गाडी लागायची होती. आम्ही बाकावर बसलो. बाबांनी तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि म्हणाले, "बरं झालं तू व्हता. नाही तं म्या त्या सायेबासंग फुकट भांडन केलं असतं. भल्या मानसावर आळ घेतला असता. म्हून तं तुले शिकोलं म्या."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला तेव्हा वाटलं, असं लिहिलं तर शोभून दिसेल. खरं म्हणजे मला भूक लागली होती, आणि बोललो ते पचलं याचं हायसं वाटलं होतं. लाज नंतर वाटली. त्या रविवारी घरी गेलो तेव्हा बहीण आईबरोबर निंदायला गेलेली होती, आणि त्या रिकाम्या घरात मला जी लाज वाटली ती आजतागायत गेलेली नाही.

पुढच्या वर्षी जागेचं कुणी बघितलं नाही. साहेब बढती मिळून मराठवाड्यात गेले, निरोपाच्या भाषणात त्यांनी माझ्या टापटिपीचा खास उल्लेख केला. नाल्यावर पूल झाला आणि गावात सातवीपर्यंत वर्गही आले, पण तोपर्यंत त्या आठही जणींची लग्नं झाली होती. मी निवृत्त झालो तेव्हा माझ्याही पदाच्या आधी 'उप' होता. बाबा जाईपर्यंत वस्तीत सांगत राहिले की साहेबानं लिहिलेलं नव्हतं, माझ्या पोरानं स्वतः वाचून पाहिलं.

बहीण आता शेलूबाजारकडच्या एका गावात असते. नातवंडं आहेत. मी गेलो की ती त्यांना माझ्यापुढे बसवते आणि सांगते, "ह्या आजोबानं माह्या शाळेसाठी लय धडपड केली बरं. सायेबाच्या दारात उभा राह्यला. पन सायेबानंच लिवलं नाही, तं हा तरी काय करन?" लेकरं माझ्याकडे आदरानं बघतात. मी तिनं वाढलेलं जेवतो, पाणी पितो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येतो.

पन्नास वर्षं तिला तोंडानं सांगणं मला जमलं नाही, म्हणून हे पेनानं लिहिलं आहे. छापून आलं की तिच्या घरी नेऊन तिच्याच हातात देणार आहे. चौथी पास आहे ती. ओळीखाली बोट ठेवून सावकाश वाचते, पण वाचते.